शब्दचर्चा : बकरी, वाघर, भाकणूक आणि फोटोखालची ओळ

कोल्हापूर जिल्ह्यातले धनगरांचे वाडे (म्हणजे माळावर उतरलेली त्यांची बिऱ्हाडं), घोंगड्यांचे माग, धनगरांचा देव बिरदेव याच्या जत्रा यांचे फोटो मी बरीच वर्षं काढते आहे. फोटोसोबत तिथले शब्द, ओव्या, कहाण्याही टिपून ठेवते. आता त्यातल्या निवडक फोटोंचं प्रदर्शन गावोगावच्या शाळांत लावायचं ठरलंय. फोटो निवडून झाले, छपाईही झाली. अडलंय ते फोटोखालच्या ओळींपाशी, म्हणून ही चर्चा सुरू करते.

पहिलाच फोटो घ्या. कागल तालुक्यातलं मोकळं रान, दिवस मावळतीला आलेला, काळ्या मेंढ्यांचा कळप जाळीच्या कुंपणात शिरतोय. बांधावर रानाचा मालक उभा आहे आणि धनगराशी त्याचं बोलणं चाललंय. आपल्याकडं याला सगळे एकच म्हणतात : ‘रानात बकरी बसवली’. मी तीच ओळ लिहिली. मजकूर तपासणारी मैत्रीण पुण्यात वाढलेली. तिनं ‘बकरी’ खोडून ‘मेंढ्यांचा कळप’ केलं. फोटोत शेळी एकही नाही, मग मुलं चुकीचं शिकतील, असं तिचं म्हणणं.

माझ्या मते ओळ बदलू नये. प्रमाण मराठीत ‘बकरी’ स्त्रीलिंगी एकवचन, म्हणजे शेळी. इथलं ‘बकरी’ निराळं. ते ‘बकरं’ या नपुंसकलिंगी नामाचं अनेकवचन आहे. कुत्रं-कुत्री, घोडं-घोडी, तसं बकरं-बकरी. ‘बकरी आली’ म्हटलं तर फरक कळत नाही, कारण क्रियापद दोन्हीकडं ‘आली’च. विभक्ती लागली की उघड होतो. पोरगं कुठाय म्हणून विचारलं तर घरातली म्हातारी सांगते, ‘बकऱ्यामागं गेलंय.’ शेळी असती तर ‘बकरीमागं’ झालं असतं. आणि शेळीला इथं शेळी किंवा शेरडू म्हणतातच की. म्हणजे धनगराचा शब्द व्याकरणानं अगदी नेटका आहे.

दुसरं म्हणजे ‘बसवणं’. रात्रभर बकरी रानात बसतात, लेंड्या आणि मूत जमिनीला मिळतं, मालक त्याबद्दल पूर्वी धान्य द्यायचा, आता रोख देतो. किती बकरी, किती रात्री, त्यावर घासाघीस होते. बांधावरचं बोलणं ते हेच. ‘मेंढ्यांचा कळप’ लिहिलं की फोटोत नुसती जनावरं उरतात. शेतकरी आणि धनगर यांच्यातला व्यवहार ओळीतून गेला तर पुढं फोटो बघणाऱ्याला तो कळायचा कसा? बारमाही उसानं रानं मोकळी राहिनात, पोत्यातलं खत आलं, वाडे कमी झाले. व्यवहारच आटत चाललाय, निदान शब्द तरी फोटोखाली राहावा.

तुमच्या भागात काय म्हणतात? आणि ओळ कशी लिहावी?

मुरगूडहून एक प्रतिसाद :

ताई, बकरीच लिहा. संत बाळूमामांच्या आदमापूरला जाऊन बघा, कुणी ‘मामांच्या मेंढ्या’ म्हणत नाही, ‘मामांची बकरी’ म्हणतात. बाळूमामांनी 1966 ला समाधी घेतली, पण त्यांची बकरी अजून गावोगाव फिरत्यात. त्यातल्या एकेका कळपाला ‘बग्गा’ म्हणायचं. बग्गा आपल्या रानात बसावा म्हणून गावंच्या गावं वाट बघतात. तिथं बसण्याला मान आहे, भाड्याची भाषा नाही. हाही एक फोटो घ्या प्रदर्शनात.

आणि ‘मेंढपाळ’ तर अजिबात नको. 2025 च्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या यमग्याचे बिरदेव डोणे यूपीएससी पास झाले, देशात 551वे. निकाल लागला तेव्हा ते बकऱ्यांतच होते. सगळ्या पेपरांत ‘मेंढपाळ’ छापून आलं. शब्द वाईट नाही, पण तो पेपरातलाच. बोलताना आम्ही ‘बकरी राखतो’ म्हणतो.

गडहिंग्लजहून, एक शिक्षक :

बाईंचं व्याकरण पटलं. तरी दोन अडचणी मांडतो. एक, हाच शब्द खाटकाच्या दुकानात गेला की अर्थ बदलतो. तिथं ‘बकरं’ म्हणजे बहुतेकदा बोकड. जत्रेचं बकरं बोकड असेल किंवा मेंढाही. म्हणजे कुणाच्या तोंडचा शब्द, हे सांगावं लागणार. दोन, सीमेवरच्या आमच्या काही गावांत घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत, ती मेंढीला ‘कुरी’ म्हणतात. त्यांना ‘बकरी’ आणि ‘मेंढी’ दोन्ही शाळेतच भेटतात. तेव्हा ओळ धनगराच्या शब्दात असू द्या, पण खाली बारीक अक्षरात अर्थ द्याच. मुलांना दोन शब्द शिकण्यात काही जड नाही, फक्त कोडं घालू नका.

मूळ लेखिका :

सर, अर्थ देणारच. माझा आग्रह क्रमापुरता आहे. मोठ्या अक्षरात फोटोतल्या माणसाचा शब्द आणि बारीक अक्षरात आपला. आजवर छापलेल्या फोटोंत बहुतेक उलटं असतं, आणि पुष्कळदा त्या माणसाचा शब्द नसतोच. खाटकाच्या दुकानातला मुद्दा बरा सुचवलात. ओळीच्या शेवटी ‘धनगरी बोली’ असं घालेन.

आता त्याच फोटोतली जाळी. सगळे ‘वाघर’ म्हणतात. सुताची जाळी, खुंट्यांवर ताणून उभी करायची, आत बकरी. ‘वाघर लावली’, ‘वाघरीत घातली’. पण लिहिताना कुणी ‘वाघूर’ लिहितं, कुणी ‘वागर’. एका आजोबांनी मला सांगितलं की वाघापासून राखते म्हणून वाघर. ते तसंच लिहू का?

हातकणंगल्याहून :

आजोबांचं सांगणं टिपून ठेवा, ओवीत शोभेल. शब्द मात्र बहुधा वाघाचा नव्हे. संस्कृतात ‘वागुरा’ म्हणजे हरणं धरायचं जाळं, आणि जाळं टाकून शिकार करणारा तो ‘वागुरिक’. शिकाऱ्याचं जाळं धनगराकडं येऊन राखणीचं झालं. ‘ग’चा ‘घ’ कसा झाला, तर आजोबांनी सांगितलंय तसाच. लांडग्याची भीती असलेल्या माणसाला जाळ्यात वाघ ऐकू येणारच. तुम्ही ‘घ’च ठेवा, बोलतात तसं.

पट्टणकोडोली आमच्याच तालुक्यात, म्हणून विचारतो. तिथल्या जत्रेच्या फोटोखाली काय लिहिलंय?

मूळ लेखिका :

तिथं तर सगळ्यात जास्त खोडाखोड झाली! पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेचे माझ्याकडं बरेच फोटो आहेत. भंडाऱ्यानं माणसं, देऊळ, रस्ता सगळं पिवळं, वरून खोबऱ्याची आणि लोकरीची उधळण. भंडारा इतका बारीक की कॅमेऱ्याच्या सांध्यांत जाऊन बसतो. मी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून काम करते आणि जत्रेत भिंग कधीच बदलत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून देवाचे मानकरी फरांडेबाबा चालत येतात, तलवार घेऊन ‘हेडाम’ खेळतात आणि मग ‘भाकणूक’ होते.

मैत्रिणीनं हेडामाचं ‘तलवार नृत्य’ आणि भाकणुकीचं ‘भविष्यवाणी’ केलं. हेडाम बघणारा माणूस त्याला नृत्य म्हणणार नाही. तलवारीचे वार बाबा स्वतःच्या पोटावर घेत असतात आणि भोवतीची माणसं हात जोडून असतात. क्रियापदही ‘खेळणं’ आहे. अंगात देव खेळतो, त्यातलं हे खेळणं.

भाकणुकीचं तर ठामच सांगते. ‘भविष्यवाणी’ ऐकून मला आकाशातून येणारा आवाज आठवतो. भाकणूक माणसानं माणसांपुढं बोलायची असते. करुणा भाकतो, आणाभाका घेतो, हवामानाचं भाकीत करतो, तेच हे ‘भाकणं’. शब्दात आर्जव आहे आणि वचनही आहे. बोलायचे विषयही ठरलेले : पाऊस कुठल्या नक्षत्राचा लागेल, पीक कसं येईल, रोगराई, बकऱ्यांची खुशाली, आणि ‘धारण’ कशी राहील.

ही ‘धारण’ पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी कॅमेरा खाली ठेवून वही काढली. धारण म्हणजे दाण्याचा बाजारभाव. जुन्या मराठी कागदपत्रांत हा शब्द याच अर्थानं येतो. बाजार समितीत आज कुणी धारण म्हणत नाही, ‘दर’ किंवा ‘रेट’ म्हणतात. भाकणुकीत तो राहिला, कारण तिथं शब्द बदलायची मुभा नाही. बातमीत त्याचं ‘महागाई’ होतं आणि अर्थ एकाच बाजूला कलतो. धारण चढते तशी उतरतेही, आणि बकरी राखून धान्य विकत घेणाऱ्याला उतरलेली धारण हवी असते.

घरी माग असलेल्या एका वाचकाचा प्रतिसाद :

आमच्या आज्ज्याच्या मागाचे शब्द देतो, घोंगड्याच्या फोटोखाली उपयोगी पडतील. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर ती ‘जावळ’. तिचं घोंगडं मऊ, आणि भावही जास्त. ताण्याला चिंचोक्याची ‘खळ’ द्यायची, त्यानं सूत ताठ होतं. चिंचोके भाजायचे, फोडायचे, दळायचे, शिजवायचे, हे बायकांचं काम, आणि फोटोत ते कधीच येत नाही. तुम्ही काढलं असेल तर मोठं करून लावा. विणलं नाही, नुसतं लोकर थापून केलं तर ते ‘जेन’. त्याला घोंगडं म्हणू नका. आणि पावसात घोंगडं एका कोपऱ्याला दुमडून डोक्यावरून घेतलं की ती ‘खोळ’. ‘घोंगडं पांघरलेला धनगर’ लिहिण्यापेक्षा ‘खोळ घेतलेला’ लिहा.

मूळ लेखिका :

चिंचोके फोडतानाचा फोटो आहे, निवडीत नव्हता. घालते. ‘खोळ’ही लिहून घेतली.

कुणी विचारेल, एवढा कीस काढायची गरज काय. जर्मनीहून आलेले अभ्यासक गुंथर सोन्थायमर (ते 1992 ला गेले) महाराष्ट्रातल्या धनगरांत बसून ओव्या ध्वनिमुद्रित करत. ओवीची सुरुवात ‘सुंबरान मांडिलं’ अशी होते. सुंबरान म्हणजे स्मरण, हे कुणीही सांगेल, पण म्हणून तिथं ‘स्मरण मांडिलं’ लिहून बघा. चालही मोडते आणि गाणाराही परका होतो. ओवीतला शब्द कुणी बदलत नाही, मग फोटोखालचा का बदलावा?

ठरलेली पहिली ओळ अशी : ‘रानात बकरी बसवली. वाघर लावून झाली आहे, रात्रीचा भाव ठरतो आहे.’ खाली बारीक अक्षरात : ‘बकरी : मेंढ्या (धनगरी बोली, एकवचन बकरं). वाघर : मेंढ्या कोंडायची जाळी.’

‘वाडा’ अजून बाकी आहे. माळावर उतरलेली बिऱ्हाडं, घोड्यावरचं ओझं, तीन दगडांची चूल, एवढ्या सगळ्याला मिळून वाडा, आणि शहरातल्या मुलाला त्या शब्दानं चौसोपी घर दिसणार. शिवाय शिरोळ, शाहूवाडी, भुदरगड या भागांत बकऱ्याच्या वयावरून, रंगावरून, शिंगांवरून वेगवेगळी नावं असतात. ज्यांच्या घरी अजून बकरी आहेत त्यांनी घरातल्या थोरल्यांना विचारून, ते उच्चारतात तशीच लिहून पाठवा. गावाचं नाव सोबत लिहा, कारण नदी ओलांडली की शब्द बदलतो.