'सिद्ध असा' म्हणजे नेमके काय?

नगरहून विचारणा

आमच्या मंडळीत संडेस्कूलच्या मोठ्या मुलांना, आठवी ते दहावीच्या, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा आणि पंचविसावा अध्याय शिकवते आहे. 'तुम्हीही सिद्ध असा' इथे गाडी अडते. मुलांना 'सिद्ध करा' भूमितीतून माहीत आणि 'सिद्धपुरुष' गोष्टींतून. 'तयार राहा' म्हटले की लगेच कळते, पण आमच्या एका वडीलधाऱ्यांना तो शब्द हलका वाटतो, सहलीला निघताना म्हणतो तसा. 'सज्ज' सुचवणारेही आहेत. पुढच्या अध्यायात दहा कुमारींच्या दृष्टान्तात पुन्हा 'जागृत राहा' येते. हे सगळे एकच की वेगवेगळे? प्रभू येशूच्या पुन्हा येण्याविषयी बोलताना कोणता शब्द वापरावा?

मिरजेहून

ताई, 'सज्ज' नको. शस्त्रसज्ज, सुसज्ज, सगळी सज्जता वरून चढवलेली असते. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात देवाच्या शस्त्रसामग्रीबद्दल बोलताना तो शब्द चालेल. मत्तयात घरधनी परत येतो आहे, शत्रू नव्हे.

पुण्याहून

मिरजकरांशी सहमत. आता 'तयार' हलका का वाटावा ते पाहू. गाण्यातली माणसे 'तयारीचा गळा' म्हणतात तेव्हा त्यामागे वर्षानुवर्षांचा रियाज असतो. 'पोरगा चांगला तयार झालाय' हे वस्ताद पठ्ठ्याबद्दल म्हणतो. कोकणात आंबा 'तयार' झाला की मगच उतरवतात, आधी नाही. म्हणजे तयार होण्यात काळ जातो, आयत्या वेळी ते उरकता येत नाही, हा अर्थ मराठीत आधीपासून आहे. 'सिद्ध'चेही तेच. 'पाकसिद्धी झाली' म्हणजे अन्न चुलीवरून उतरले, वाढायचेच काय ते बाकी राहिले. दोन्ही शब्द जे पूर्ण झाले आहे त्याबद्दल बोलतात. तेव्हा मुलांना बेलाशक 'तयार राहा' सांगा आणि शेजारी 'सिद्ध' ठेवा. वडीलधाऱ्यांना गवयाचे उदाहरण द्या.

'जागृत'बद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी गोम तिथे आहे.

दहा कुमारी दिवे घेऊन वराला सामोऱ्या निघतात; पाच शहाण्यांजवळ जादा तेल असते, पाच मूर्खांजवळ नसते. या दृष्टान्तात एक ओळ आपण घाईत ओलांडून जातो. वराला उशीर झाला तेव्हा त्या सगळ्या पेंगल्या आणि झोपी गेल्या. सगळ्या. शहाण्या पाचही. आणि दृष्टान्ताच्या शेवटी येशू म्हणतो, जागृत राहा, कारण तुम्हांला दिवस व घटका ठाऊक नाही. ज्या पाच जणी आत गेल्या त्याही झोपल्या होत्या, तर 'जागृत' याचा अर्थ डोळे ताणून बसणे असा असूच शकत नाही. फरक फक्त तेलाचा होता, आणि तेल झोपण्याच्या आधी भांड्यात भरलेले होते.

इथे मूळ ग्रीक क्रियापद 'ग्रेगोरेओ'. ग्रेगरी हे नाव त्याच कुळातले. हेच क्रियापद गेथशेमानेच्या बागेत येते, जिथे येशू शिष्यांना म्हणतो की इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. तिथे खरोखरची झोप आहे, खरोखरची रात्र आहे, आणि मागणी सोबतीची आहे. दोन्ही जागा एकत्र वाचल्या तर जागे राहणे म्हणजे त्याला न सोडणे, असा अर्थ निघतो.

आणि आपल्या मराठीत हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही! आपण 'दिल्या शब्दाला जागणे' म्हणतो. 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणतो. एकाच क्रियापदात झोप न घेणे आणि इमान राखणे, दोन्ही. त्या पाच जणी झोपल्या खऱ्या, पण शब्दाला जागल्या. माझ्या मते या दृष्टान्ताचा इतका सरळ खुलासा दुसऱ्या शब्दात होणार नाही. 'जागृत राहा' हे छापील राहू द्या, शिकवताना 'प्रभूच्या शब्दाला जागा' असे सांगून पाहा.

वसईहून

फार छान. आमच्याकडे मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हे वाचन नेमके कधी येते ते सांगतो. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी. बाहेर नाताळाची खरेदी सुरू झालेली असते, गोठ्याची जागा ठरत असते, आणि वेदीवरून शुभवर्तमान वाचले जाते ते मात्र बाळ येशूचे नसते; ते असते त्याच्या पुन्हा येण्याचे आणि सावध राहण्याचे. तीन वर्षांच्या वाचनचक्रात मत्तय, मार्क, लूक असे आळीपाळीने येतात, पण त्या रविवारचा विषय तोच. त्यामुळे 'आगमन' या शब्दात आमच्या लेखी दोन्ही येणी आहेत, बेथलेहेमचे झालेले आणि राहिलेले.

एक सूचना. याला 'प्रलय' म्हणू नये. मराठी बायबलमध्ये 'जलप्रलय' नोहाच्या वेळचा, तो होऊन गेला.

नगरहून

तिघांचेही आभार. 'शब्दाला जागणे' मुलांना नक्की पोचेल. पण एक अडचण राहतेच. या विषयावर मोबाइलवर येणारे व्हिडिओ पाहून दोन मुली फार घाबरल्या आहेत. भूकंप झाला की 'शेवटचा काळ', युद्ध लागले की 'शेवटचा काळ'. एकीने विचारले, मग दहावीचा अभ्यास कशाला करायचा? 'युगाची समाप्ती' या शब्दानेच त्या धास्तावतात.

मिरजेहून

त्यांना सांगा, युद्धे आणि भूकंप यांची नावे घेऊनच येशू म्हणतो की घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. त्याच अध्यायात आहे. तारखा काढणाऱ्यांचे काय झाले तेही सांगा. अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी येशूच्या येण्याचा म्हणून 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला होता. काहींनी शेतातले पीकही उभे ठेवले. दिवस उजाडला आणि मावळला.

पुण्याहून

त्या मुलीचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याचे उत्तर लेखी आहे. थेस्सलनीका इथल्या मंडळीत काहींनी कामधंदा सोडला होता आणि ते लुडबुड करत फिरत होते. त्यांना प्रेषित पौल पत्रातून सांगतो की ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये. हे थेस्सलनीकाकरांस त्याच दुसऱ्या पत्रात आहे ज्यात तो प्रभूच्या दिवसाविषयी लिहितो. अभ्यास करायचा, नीट करायचा.

'सिद्ध असा'च्या लगेच पुढची ओळ मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. तिथे विश्वासू आणि शहाणा दास कोण, असा प्रश्न आहे. त्याचे काम काय सांगितले आहे? घरच्या माणसांना वेळेवर जेवू घालणे. तो आकाशाकडे बघत बसलेला नाही, घरात वाढप करतो आहे. धन्याने यावे आणि त्याला हेच करताना पाहावे, एवढीच अपेक्षा.

आणि लूकचा बारावा अध्याय सोडू नका. कंबर बांधून, दिवे लावून दास वाट पाहत आहेत, असे तिथे आहे. 'कंबर कसणे' मुलांना माहीतच असते. पण दोनच ओळींनंतर धनी लग्नाहून परत येतो आणि स्वतः कंबर बांधतो, दासांना जेवायला बसवतो, त्यांची सेवा करतो. ग्रीकमध्ये दासांच्या आणि धन्याच्या कंबर बांधण्याला एकच क्रियापद आहे. ज्या मुली घाबरल्या आहेत त्यांना कोण येणार आहे हे आधी कळायला हवे. तो आल्यावर काय करणार, हे त्याने स्वतः सांगून ठेवले आहे.

वसईहून

यात 'सामोरे जाणे'ही घाला. कुमारी वराला सामोऱ्या निघतात, आणि थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो की आपण प्रभूला सामोरे जाऊ. दोन्हीकडे ग्रीक शब्द एकच, 'अपान्तेसिस'. तोच प्रेषितांच्या कृत्यांच्या अखेरच्या अध्यायात आहे. पौल येतोय कळल्यावर रोममधले बंधू त्याला भेटायला शहराबाहेर अप्पियाच्या पेठेपर्यंत येतात आणि मग पौल रोमला जातो. पाहुण्याला वाटेत गाठून मानाने घरी आणायचे. आपल्या लग्नांत सीमांतपूजन असते, गावच्या वेशीवर जाऊन वराला घेऊन यायचे, अगदी तसे. मुलींनी लग्नात हे पाहिलेले असते. घाबरून कोणी वेशीवर जात नाही.

पुण्याहून

सीमांतपूजन अगदी चपखल बसते, फादर लोकांनाही सुचवा.

एक नाव जोडतो, मुलांना जवळचे वाटेल म्हणून. पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्तीमिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले, साध्या बायामाणसांना वाचता यावे म्हणून. छपाईही तिथल्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातून. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. 1905 साली याच मुक्तीत मोठे आध्यात्मिक जागरण झाले होते, रात्र रात्र प्रार्थना चालत. पण त्याच आवारात विहिरी, शेती, अनाथ मुलींची शाळा आणि हे भाषांतरही चालू होते. प्रभूच्या येण्यावर त्यांची निष्ठा होती आणि टेबलावर छापखान्यातल्या खिळ्यांचे छापे.

नगरहून

पुढच्या रविवारी दहा कुमारी आणि लूकचा बारावा अध्याय एकत्र घेते. दहावीच्या मुलीला थेस्सलनीकाची ओळ तिच्याच तोंडून वाचायला लावीन. शेवटचे एक विचारते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अखेरीस जो 'मारानाथा' शब्द आहे तो कसा तोडायचा?

वसईहून

अरामी शब्द आहे. 'माराना था' असा तोडला तर 'आमच्या प्रभू, ये', 'मारान आथा' असा तोडला तर 'आमचा प्रभू आला आहे'. बहुतेक अभ्यासक पहिला घेतात, कारण प्रकटीकरण या बायबलच्या अखेरच्या पुस्तकाच्या शेवटी तीच विनंती ग्रीकमध्ये आहे. 'दिदाखे' या फार जुन्या ख्रिस्ती ग्रंथात भाकरीभोवतीच्या प्रार्थनेच्या शेवटी हाच शब्द येतो, म्हणजे पहिली माणसे एकत्र जेवायला बसली की तो म्हणत. ग्रीक बोलणाऱ्यांनीही त्याचे भाषांतर केले नाही, तसाच ठेवला. तुम्हीही मुलांना तसाच पाठ करू द्या.