मदत हवी आहे: वाचनालयाची जुनी कीर्द आणि न जुळणारी बेरीज

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. त्याची स्मरणिका निघतेय आणि 'सुरुवातीचा काळ व पैशाची सोय' हा लेख माझ्या गळ्यात पडलाय. (बैठकीला उशिरा गेलं की असंच होतं.)

दारावरच्या पाटीवर 'स्थापना १८७२' आहे, पण त्याला आधार काय ते कोणालाच सांगता येत नाही. हाताशी असलेला सगळ्यात जुना कागद म्हणजे शके १८०६ ची कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), म्हणजे १८८४-८५ ची. पुढची काही पानं वाळवीने खाल्ली आहेत, उरलेली मोडीत. मोडीचा वर्ग मी केलाय, पण अक्षर लपेटीचं निघालं की माझी गाडी अडते.

रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं. नगर-नाशिकला इंग्रज अधिकाऱ्यांचा पुढाकार होता. आमच्यासारख्या आडगावात कुठला आलाय साहेब? सरकारी अनुदान म्हणावं, तर अनुदानासाठीची आजची वाचनालयांची अ-ब-क-ड वर्गवारी १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतरची. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच स्वतःचा कायदा केला होता, पण आम्ही पडलो इंग्रजी मुलखातले. मग पैसा आला कुठून?

कीर्दीत जमेला 'म्युनिसिपालिटीकडून १२॥' असं आहे. मी ते १२११ रुपये वाचलं आणि 'नगरपालिकेच्या उदार देणगीवर संस्था उभी राहिली' असं लिहूनही टाकलं. पण पुढे घोळ आहे. चार सभासदांच्या नावांपुढे वर्गणी म्हणून ॥, ॥, ॥, ॥ लिहिलंय, म्हणजे ११ प्रमाणे ४४ व्हायला हवेत. खाली बेरीज फक्त २! बाकीचे ४२ गेले कुठे? तेव्हाच्या कारभाऱ्याने हात मारला की काय? स्मरणिकेत असं काही छापायचं म्हणजे जिवावर येतंय. त्यांचे पणतू कार्यकारिणीत आहेत.

दोन प्रश्न: हा हिशेब कसा लावायचा? आणि १८७२ ला दुजोरा कुठे मिळेल?

प्रतिसाद १

अहो, थांबा! त्या दोन रेघा म्हणजे अकरा नव्हेत. जुन्या हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन रेघा म्हणजे आठ आणे. चौघांचे आठ आठ आणे म्हणजे बत्तीस आणे, सोळाने भागा: बरोबर दोन रुपये. कारभाऱ्याची बेरीज चोख आहे, पणतूला तोंड दाखवायला हरकत नाही. आणि नगरपालिकेचे ते साडेबारा रुपये. 'उदार' तेवढा खोडा.

१८७२ साठी जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) बघा. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० चा आहे. शिक्षणाच्या प्रकरणात वाचनालयांचा उल्लेख असतो. तुमचं नाव तिथे सापडलं तर निदान १८८० च्या आधीचं हे पक्कं. गावाचं स्पेलिंग मात्र आजच्यासारखं असेलच असं नाही, आणि संस्था 'नेटिव्ह लायब्ररी' म्हणूनही नोंदलेली असू शकते. नाही सापडलं म्हणून पाटी खोटी ठरवू नका, छोट्या संस्था निसटतात.

शिवाय १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली नोंदणी झाली असेल तर धर्मादाय कार्यालयातली फाईल मागा. तेव्हाच्या म्हाताऱ्या मंडळींनी स्थापनेविषयी काय लिहून दिलंय ते कळेल. नगरपालिकेची जुनी ठरावबुकंही चाळा, साडेबारा रुपयांचासुद्धा ठराव झाला असेल.

धागाकर्ता

डोक्यावर हात मारून घेतला. रात्री सगळं पान नव्याने मांडलं. तेवढ्या पानापुरतं बघितलं तर वर्गणी २९ रुपये आणि नगरपालिकेचे साडेबारा, म्हणजे वाचनालय चाललं ते या आठ-आठ आण्यांवर. लेखाचं पहिलं पान गेलं केराच्या टोपलीत. खर्चाला 'केसरी'ची वर्गणी आहे, झाडूवाला आहे आणि पानभर ठिकठिकाणी दिव्याचं तेल. तेलाची बेरीज पुस्तकांपेक्षा जास्त! लोक संध्याकाळी कामं आटोपून वाचायला येत असणार.

गॅझेटियर उद्या रत्नागिरीत बघतो. तोवर एक खात्री करून द्या: एका ठिकाणी तेलापुढे ॥। आहे. बारा आणे ना?