शेततळे खोदताना सापडलेली लोखंडी वस्तू ओळखण्यास मदत हवी

वावरवाला:
नमस्कार. नागपूर जिल्ह्यातील आमच्या वावरात शेततळ्याचे खोदकाम चालू असताना, काळी माती संपून मुरूम लागतो त्या थरात एक लोखंडी वस्तू मिळाली. ती चपटी, लांबट आणि साधारण वीतभर आहे. तिचे एक टोक धारेसारखे पसरट असून दुसऱ्या टोकाजवळ दोन लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदून पात्याभोवती आवळलेल्या आहेत. दांडा घालण्यासाठी भोक कुठेही नाही आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही हे अवजार ओळखीचे वाटत नाही. ते काय असावे?

जुनी अवजारे:
मला हा नांगराचा जुना फाळ वाटतो. लाकडी नांगराला फाळ लोखंडी कड्यानेच आवळत असत.

पुरातत्त्वप्रेमी:
फाळ टोकदार असतो आणि त्याचे कडे एकच असते; येथे पाते पसरट आहे आणि पट्ट्या फुलीच्या आहेत, हा फरक निर्णायक आहे. वर्णन तंतोतंत असेल, तर ही महापाषाणयुगीन, म्हणजे मोठे धोंडे रचून दफने करत त्या काळातील, चपटी कुऱ्हाड असण्याची शक्यता फार मोठी आहे. त्या काळच्या लोहारांनी दांड्यासाठी पात्याला भोक न पाडता, फुलीच्या पट्ट्यांनी पाते दांड्याला जखडण्याची युक्ती वापरली होती, आणि अशा कुऱ्हाडी विदर्भातील शिळावर्तुळांत वारंवार मिळाल्या आहेत. नागपूरजवळच्या माहुरझरी, टाकळघाट-खापा आणि नायकुंड येथील उत्खननांत कुऱ्हाडींबरोबर खंजीर, छिन्न्या आणि घोड्यांचे लगामही सापडले. नायकुंडला तर इ.स.पू. ७०० च्या सुमारास लोखंड गाळले जात होते. तेथील भट्टीचे अवशेष उजेडात आले आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारतो: खोदकामाच्या जागी मोठे धोंडे गोलाकार मांडलेले होते का? वर्तुळाच्या आत दफन असते, आणि कुऱ्हाड कोणत्या थरात, कोणत्या खापरांशेजारी होती हे एकदा जेसीबीने विस्कटले की परत कळत नाही. म्हणून कृपया काम तेथेच थांबवावे.

गंज आणि जतन:
वस्तूला तारेचा ब्रश, लिंबू, आम्ल किंवा तेल लावू नये. इतक्या जुन्या लोखंडाचा मूळ आकार बहुधा गंजाच्या थरातच उरलेला असतो, त्यामुळे गंज खरवडला की धारही जाते. जमिनीतील क्षार आत मुरलेले असल्याने हवेतील ओलाव्याने पापुद्रे सुटू लागतात. म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून ती बंद डब्यात कोरडी ठेवावी.

शिवाय, जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. नागपुरात पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मंडळ कार्यालय आहे. तेथेही छायाचित्रांसह अर्ज द्यावा.

वावरवाला:
सर्वांचे मनापासून आभार. धुऱ्याच्या बाजूला अर्धवट गोलाईत मोठे धोंडे आहेत; आम्ही ते वावर साफ करताना कोणीतरी रचलेले समजत होतो. खोदकाम थांबवले आहे, जागेची मापे घेऊन ठेवली आहेत आणि उपशाच्या मातीत आलेली काळी-तांबडी खापरे वेगळी काढली आहेत. सोमवारी लेखी अर्ज देतो. ही खापरे धुवावीत की मातीसकट ठेवावीत?

गंज आणि जतन:
मातीसकटच ठेवावीत, आणि कोणत्या बाजूच्या ढिगातून आली ते पिशवीवर लिहावे.