दिवस मावळला का लँडलाइनचं नेट तुटते, दिवसा मख्खन चालते. काय असू शकते?

सोयाबीनवाला (आर्वी तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात अजून तांब्याच्या तारेवरचंच ब्रॉडबँड आहे, जुनं एडीएसएल. मोबाइलचा टॉवर टेकडीच्या पल्याड, घरात एक दांडी आली तर आली, त्यामुळे नेट म्हणजे हेच. घरीच ऑनलाइन फॉर्म भरायचं काम करतो, पीक विमा, सातबारा, पोट्ट्यांचे स्कॉलरशिपचे फॉर्म वगैरे, आणि लोकं येतात वावरातून परतल्यावर, म्हणजे दिवेलागणीनंतर. नेमकं तेव्हाच नेट जाऊन राहिलं. मोडेमवरचा डीएसएलचा लाइट लुकलुक करते, मग बंद, मग दोन मिनिटांनी येते, ओटीपी आला की पुन्हा गेलं. लोकं बसून राहतात अन् माझं तोंड पाहतात.

हे सुरू झालं पेरणीनंतर. पावसाचं म्हणावं तर कोरड्या रात्रीही तसंच. तक्रार टाकली की माणूस दुपारी येते, दुपारी सगळं चालूच असते, लाइन ओके लिहून निघून जाते. मोडेमच्या पानावर अटेन्युएशन (तारेत सिग्नल किती झिजते ते) ४८ डीबी, एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या वर सिग्नल किती उरते ते) ९-१० आणि स्पीड ३ एमबीच्या आसपास दिसते. मोडेम बदलू का?

पक्या_खामगाव

भाऊ मोडेम कायले बदलतं, आधी अडॅप्टर पाय. सायंकाळी गावातले सगळे दिवे टीव्ही एकदम चालू होतात, त्यात वावरातल्या मोटारींची पाळी रात्रीची असली तर व्होल्टेज पार बसते अन् स्वस्तातला अडॅप्टर तेवढ्यावर तग धरत नाही. मोडेम १२ व्होल्टचा असन तर फवारणी पंपाची बॅटरी असते ना घरात, तिच्यावर लावून पाय एक रात्र. प्लस मायनस नीट पाहून लाव फक्त, उलटं लावलं तर मग मोडेम घेणंच पडते.

निवृत्त_लाइनमन

पक्याभाऊंचं बरोबर आहे, ते आधी करून टाका, खर्च काही नाही. पण पेरणीनंतर सुरू झालं हे मला खटकते आहे, त्यावर नंतर येतो.

आधी अटेन्युएशनचं सांगतो. साधारण एका किलोमीटरला १३-१४ डीबी धरतात, म्हणजे ४८ डीबी म्हणजे तुमचं घर तारेने एक्सचेंजपासून साडेतीन किलोमीटर. एडीएसएल पाच किलोमीटरच्या पुढे रडायला लागते, तुम्ही अजून आत आहात, ३ एमबी मिळते ते अंतराच्या मानाने ठीकच आहे. म्हणून अंतराला दोष देऊ नका.

आता घरातलं. रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीतून, पॅरलल काढलेल्या सगळ्या तारा सोडवा, आतल्या खोलीतला फोन, कोणी मागे जोडून ठेवलेली घंटी, सगळं. बाहेरून आलेली जोडी सरळ स्प्लिटरला (फोनचा आवाज आणि नेट वेगळं करणारी डबी), तिथून मोडेम आणि एकच फोन. स्प्लिटर न लावता कुठेही फोन टांगलेला असेल तर तो एकटाच सगळं बिघडवू शकतो. तारा हाताळताना घंटी वाजली तर चांगला झटका बसतो, एरवी लाइनवर ४८ व्होल्ट डीसी असते पण घंटीच्या वेळी ७५ च्या वर एसी येते, तेव्हा चपला घालून करा.

मग रात्री नेट बिघडलेलं असताना रिसीव्हर उचला, कोणताही एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन बंद होईल, आणि शांत कान लावून ऐका. खरखर येते, का घुंऽऽ येते, का टक टक येते, ते इथे लिहा. आणि एक, रिसीव्हर उचलून ठेवला की नेट सुधारते का तेही पाहा. सुधारत असेल तर कुठेतरी जोड गंजलेला आहे, फोन उचलला की तारेतून करंट वाहते आणि तेवढ्यापुरता तो जोड धरतो.

सोयाबीनवाला

केलं सगळं. फवारणी पंपाच्या बॅटरीवर पण तुटलं, म्हणजे व्होल्टेज नाही. आतला फोन सोडवला, थोडा फरक, फार नाही. रिसीव्हर उचलल्यावर नेट जरासं जास्त वेळ टिकते खरं.

आवाजाचं विचारलं होतं तर साफ टक... टक... टक ऐकू येते, घड्याळासारखं, सेकंदाला एक. दिवसा ऐकलं, काहीच नाही. अजून एक पाहिलं, रात्री मार्जिन ८-९ च दाखवते, फार पडत नाही, पण सीआरसी एरर म्हणून रकाना आहे तो दिवसा जागचा हलत नाही अन् रात्री नुसता पळते. मार्जिन चांगलं असून लाइन कशी तुटते बाप्पा?

बुटीबोरी_नेटवाला

मार्जिन ही सरासरी असते भाऊ. टक एवढा छोटा असतो की सरासरीत दिसतच नाही, पण तेवढ्या क्षणात जो डेटा चाललेला असतो तो सगळा मेला, तो सीआरसीत मोजला जातो. असे एरर साचत गेले की मोडेम कंटाळून लाइन सोडतो आणि पहिल्यापासून जोडणी करत बसतो. लाइन अशक्त असेल तर मार्जिनच पडलं असतं, ६ च्या खाली गेलं की भरवसा नाही. तुझ्याकडे बाहेरून काहीतरी ठोके मारतंय.

सेकंदाला एक टक, फक्त रात्री, पेरणीपासून. आजूबाजूच्या वावरात झटका मशीन लागलंय का?

निवृत्त_लाइनमन

तेच म्हणणार होतो. पेरलेलं सोयाबीन उकरायला डुकरं येतात, वर आलं की रोही (नीलगायी) येतात, म्हणून याच दिवसांत कुंपणाला झटका लागतो आणि दिवस मावळला की लोक मशीन सुरू करतात. ते मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देते. फोनची तार धुऱ्याने (वावराच्या बांधाने) कुंपणाच्या सोबत सोबत गेली असेल, किंवा मशीनचं अर्थिंग कच्चं असेल, तर तो ठोका लाइनमध्ये उतरतो.

घरी जुना ट्रान्झिस्टर असेल तर काढा, सेलवर चालणारा, मीडियम वेव्हवाला. एडीएसएल ११०० किलोहर्ट्झपर्यंत चालते (टू प्लस असेल तर २२०० पर्यंत), म्हणजे रेडिओची मीडियम वेव्ह आणि तुमचं नेट बरंचसं एकाच पट्ट्यात आहे, जे रेडिओला ऐकू येते ते मोडेमलाही त्रास देते. नागपूर केंद्र ५८५ ला लागते, तिथून काटा सरकवून रिकाम्या जागी आणा, आवाज वाढवा आणि तारेखालून चालत जा. टक टक जिथे मोठी होईल तिथे गडबड. टॉर्च घेऊन जा, पायात बूट घाला, दिवस सापांचे आहेत. कुंपणाला हात लावू नका, ज्याचं वावर आहे त्याला सोबत घ्या. आणि झटका मशीन न घेता कोणी सरळ लाइटची तार कुंपणाला जोडली असेल तर जवळ जाऊ नका, आधी त्याला समजवा. त्यात माणसं मरतात आणि गुन्हा दाखल होतो तो वेगळा.

ढाण्या_वणी

एवढ्या भानगडी करण्यापेक्षा फायबर घे ना भाऊ, २०२५ नंतर कोण तांब्याच्या तारेवर राहते 😂

सोयाबीनवाला

ढाण्याभाऊ, ग्रामपंचायतीत पेटी लागली आहे फायबरची, तिथून माझ्या घरापर्यंत कोणी आणून दिली तर आजच घेतो. पैसे तुम्ही देता का?

बाकी मंडळी, सापडलं. बाबांचा ट्रान्झिस्टर घेतला अन् शेजारच्या काकाले सोबत घेऊन निघालो. घरापाशी टक टक बारीक, पांदण रस्त्याने पुढे गेलो तशी वाढत गेली आणि काकाच्याच धुऱ्यावर तर रेडिओ फुटतो का काय असं झालं. कुंपणाची तार अन् फोनची तार पूर्ण धुराभर सोबत, एका ठिकाणी तर त्यानं कुंपणाची तार ताणायला फोनच्याच खांबाला इन्सुलेटर ठोकला होता. खाली गवत मांडीएवढं, तारेला टेकलेलं, अंधारात निळी ठिणगी साफ दिसत होती. अर्थिंग म्हणजे हातभर सळई, कोरड्या गोट्यात खुपसलेली. काका म्हणते, 'आबे मशीन विकणाऱ्यानं तर असंच लावून देल्लं.' मी बोललो मशीन एक मिनिट बंद करा, केली, रेडिओ चूप. पुन्हा चालू, पुन्हा टक टक. मग त्याले पण पटलं.

पण माझा एक प्रश्न आहे, त्याच लाइनवर पुढे मास्तरांकडे पण नेट आहे, त्याच खांबांवरून, त्यांचं काऊन नाही तुटत?

निवृत्त_लाइनमन

हा खरा प्रश्न. फोनच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन असतात, त्यामुळे बाहेरचा ठोका दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडे वजाबाकी होऊन तो नाहीसा होतो. एका तारेचा जोड कच्चा झाला की ही बरोबरी मोडते, बैलजोडीतला एक लंगडायला लागला की गाडी एका अंगाला ओढते तसं. मग उरलेला फरक मोडेमला ठोका म्हणून लागतो. मास्तरांची जोडी धड आहे, तुमची नाही. रिसीव्हर उचलल्यावर नेट टिकते म्हणालात, ते त्याचंच लक्षण.

म्हणजे काम दोन्हीकडे आहे. काकांकडे: कुंपणाची तार खांबावरून काढा आणि फोनच्या तारेपासून जेवढी लांब नेता येईल तेवढी न्या, गवत कापा, अर्थिंगला लांब सळई ओल्या जमिनीत खोल ठोका, घराच्या किंवा फोनच्या अर्थिंगपासून निदान १० मीटर दूर. तुमच्याकडे: खांबावरच्या डबीपासून घरापर्यंतची ड्रॉप वायर तपासा, मध्ये कुठे हाताने पिळून टेप गुंडाळलेला जोड असणारच, तो कापून जेल भरलेल्या कनेक्टरने करून घ्या. खांबावर स्वतः चढू नका, लाइटची तार जवळ असते. तक्रारीत 'नेट बंद' लिहू नका, 'फोनवर रात्री टक टक आवाज, एका तारेत जोड खराब' असं लिहा, मग माणूस जोड शोधायला येतो.

बुटीबोरी_नेटवाला

आणि तो माणूस आला की एक्सचेंजमधून प्रोफाइल इंटरलीव्ह करून मागून घे. त्यात डेटा विस्कटून पाठवतात, म्हणून ठोक्यात गेलेला तुकडा मोडेम पुन्हा जुळवू शकतो. पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, थोडा वाढेल, फॉर्म भरायला काही फरक पडत नाही, पोरगं गेम खेळत असेल तर ते बोंबलेल तेवढं.

सोयाबीनवाला

काकानं गवत कापलं, तार वावराच्या आतल्या अंगानं घेतली, सळई विहिरीच्या पाटाजवळ ठोकली. त्याच्या कुंपणाले झटका पण आता चांगला बसते म्हणते, आधी गवतातच जिरून राहिला होता. टक टक एकदम बारीक झाली, पूर्ण नाही गेली.

जोड कडुनिंबाच्या फांदीत सापडला, टेपच्या आत एक तार हिरवी पडलेली. लाइनमन आला तेव्हा मी खालून बोट दाखवून सांगितलं, त्यानं कापून नवीन कनेक्टर लावला. त्या रात्री विम्याचे सगळे फॉर्म गेले, नेट तुटलं नाही. सीआरसी वाढते अजून, पण हळूहळू. इंटरलीव्हचं त्यानं विचारून सांगतो म्हटलं, पाहू.

पक्या_खामगाव

भारी. आता मी पण रेडिओ शोधतो घरात, आमचं पण रात्रीच जाते अन् मी अडॅप्टरच बदलून राहिलो.

निवृत्त_लाइनमन

पक्याभाऊ, आधी रिसीव्हर उचलून ऐका. टक टक नसून नुसतं घुंऽऽ असेल तर तुमचं दुखणं वेगळं, मग रोझेटपासून सुरू करू.