दस्तुरी ते बाजारपेठ: 'सरळ सिमेंट करा' म्हणणाऱ्यांना उत्तर

लालमाती

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट येऊन आदळली. सार एवढंच: 'माथेरान म्हणजे चिखल, लीद आणि तंगडतोड. या काळात दस्तुरी नाक्याला (पुढे गाड्यांना बंदी) गाडी लावून बॅगा ओढत अडीच-तीन किलोमीटर कोण चालणार? लाल मातीचं कौतुक पुरे. सरळ सिमेंटचा रस्ता करा, तोही पार पॉइंटांपर्यंत. पर्यटन दुप्पट होईल.' खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे लांब लिहिलं की लोक सुप्रभातचे गुलाब टाकून ते वर सरकवतात, म्हणून इथे लिहितोय.

रस्ता खराब होतो तो मातीमुळे नाही, पाण्यामुळे. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. ते पाणी कडेच्या गटारातून गेलं तर रस्ता टिकतो. गटार पानांनी आणि बाटल्यांनी तुंबलं की पाणी रस्ता धरतं, माती धुऊन नेतं आणि मागे उरतात जांभ्याचे सुळके आणि जांभळीची उघडी पडलेली मुळं. त्यावर उपाय काही रॉकेट सोडण्याइतका अवघड नाही. मेअखेर गटारं उपसा, चढावर ठरावीक अंतराने आडवे दगडी बांध घाला, पाऊस सरला की खड्ड्यांत मुरूम भरून रोलर फिरवा. दर वर्षी. मेख इथेच आहे! दर वर्षी करायच्या कामाची फीत कोण कापणार? पेव्हर ब्लॉकचं टेंडर निघतं, कोनशिला बसते. गटार उपसल्याची कोनशिला कुणी पाहिली आहे का?

सिमेंटवर पाणी मुरत नाही, नुसतं धावतं. ते जिथे संपतं तिथून पुढे ओघळ पडतो आणि मग 'आता तिथपर्यंतही करा' सुरू होतं. २००३ साली माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं ते उगाच नाही. सुप्रीम कोर्टानेही ऑगस्ट २०२५ मध्ये पेव्हर ब्लॉकला मुभा दिली ती दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्याच टप्प्यात. आतल्या वाटांवर नाही. मला तर तेवढीही नको होती.

ज्यांना गाडीच्या दारातून थेट पॉइंटवर पाय ठेवायचा आहे त्यांच्यासाठी लोणावळा आहे. भरपूर आहे.

बाजारपेठेतली

लालमाती, तुम्ही रविवारी संध्याकाळी खाली उतरता. आम्ही सोमवारीही इथेच असतो.

माझ्या सासूबाईंना दमा आहे. फेब्रुवारीत एका रात्री अडीचच्या सुमाराला त्यांना श्वास घेता येईना. गावातली रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन खाली गेलेली. मग हातरिक्षा. पुढे एक माणूस, मागे दोन. मागच्या एकाच्या स्लिपरचा अंगठा तुटला, त्याने ती पँटच्या खिशात कोंबली आणि दस्तुरीपर्यंत अनवाणी ढकलत आला. चाक खड्ड्यात गेलं की सासूबाईंचं डोकं मागच्या दांडीवर आपटायचं. मी शाल घडी करून मध्ये धरली होती. तुमचे आडवे दगडी बांध त्या रात्री असते तर आणखी दणके बसले असते, एवढंच.

आणि एप्रिल-मेमधली धूळ? लाल माती आणि तिच्यात वाळलेली लीद. सकाळी वाळत घातलेली चादर दुपारी विटकरी होते. तीच धूळ दम्याच्या माणसाच्या छातीत जाते. त्याच निकालात हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ई-रिक्षा आणा असंही म्हटलंय. ते बरं सोयीने गाळलंत. धुपलेल्या चढावर ई-रिक्षा काय उडत जाणार आहे?

लालमाती

सासूबाईंना बरं असो. पण ताई, एका रात्रीच्या आणीबाणीवरून अख्ख्या डोंगराचं धोरण ठरत नाही. ई-रिक्षाला माझा विरोध नाही. माणसाने माणसाला ओढणं थांबलंच पाहिजे. नीट राखलेल्या मातीच्या रस्त्यावरूनही ती चालते.

बाजारपेठेतली

'नीट राखलेल्या.' असा रस्ता मला दाखवा, मी तुम्हाला घरचं जेवण वाढते.

ढ_इंजिनिअर

मुरूम भरा म्हणताय, आणणार कुठून? वर डोंगर खणणार? खालून आणायचा तर दस्तुरीपर्यंत टेम्पो, पुढे घोड्यांच्या पाठीवर गोण्या. एवढं करून पुढच्या जुलैत तो मुरूम दरीत आणि शार्लोट तलावात, म्हणजे ज्या तळ्याचं पाणी गाव पितं तिथेच. मातीचा रस्ता 'नैसर्गिक' असतो हा शहरी गैरसमज आहे. ज्या वाटेवर हजारो पावलं, घोडे आणि हातगाड्या रोज चालतात ती वाट नैसर्गिक राहत नाही, ती झिजते.

आणि ब्लॉक म्हणजे सिमेंटचा रस्ता नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात घालू नका. भाजलेल्या मातीचे ब्लॉक मिळतात, ते वाळूच्या थरावर बसवता येतात, सांध्यांतून पाणी मुरतं, एखादा तुकडा खचला तर चार काढून चार परत बसतात. मात्र दोन्ही कडा पक्क्या धरलेल्या नसतील तर पहिल्याच पावसाळ्यात सगळा पट्टा उताराकडे सरकतो. आणि कडेला गटार हवंच हवं. या एका मुद्द्यावर लालमाती बरोबर आहेत, हे लिहिताना बोटं दुखताहेत.

खोगीर

सगळे माणसांच्या पायांचं बोलतायत. घोड्याच्या पायांचं मी बोलतो, माझे मामा घोडेवाले.

घोड्याच्या टापेला लोखंडी नाल असते. मातीत ती रुतते, म्हणून घोडा उतारावर तोल धरतो. ओल्या ब्लॉकवर तिला धरायला काही नसतं. मामाचा घोडा ब्लॉकवर उतरताना पुढचे दोन्ही पाय फाकून बसला, गुडघ्याची कातडी सोलून निघाली, आत पांढरं दिसत होतं. पाठीवर गिऱ्हाईक नव्हतं म्हणून वाचलो, फक्त गॅसचे रिकामे सिलिंडर होते. ते गडगडत खाली गेले, त्याचंच लोकांना हसू. घोडा महिनाभर उभा, चारा मात्र रोज. इंजिनिअर साहेब, तुमच्या वाळूच्या थरात घोड्याचं काही गणित आहे का?

सौ_घाईत

रस्ता रस्ता काय लावलंय? रस्त्याच्या तोंडाशी काय चालतं ते बोला आधी. दस्तुरीला गाडीतून पाय बाहेर टाकला तोच एक जण बॅगेला चिकटला. 'ताई, गाव इथून सहा किलोमीटर. ट्रेन बंद आहे. ई-रिक्षा फक्त पेशंटला. घोडाच घ्या.' तो 'ट्रेन बंद' म्हणत असताना त्याच्याच मागून अमन लॉजच्या (दस्तुरीजवळचं स्टेशन) शटलची शिट्टी वाजली! चेहऱ्यावरची रेषही हलली नाही हो त्याच्या. सोन्याचे ब्लॉक बसवा, पण हा नाका सुधारत नाही तोवर मी येत नाही.

निर्भीड_ठाणेकर

+१. रस्ता होऊ नये असं कुणाला वाटतं ते आता कळलं ना? रस्ता खराब राहिला तरच घोडा खपतो. नालेचं रडगाणं हा नुसता मुखवटा. लाड बंद करा यांचे.

खोगीर

ठाणेकर, तोंड सांभाळून. खोटं बोलतो तो दलाल. त्याचा स्वतःचा घोडा नसतो, तो गिऱ्हाईक पकडून देतो आणि वरचे पैसे खातो. घोडेवाला दिवसभर घोड्याबरोबर पायी चालतो, तुमच्या एकेक पॉइंटच्या फेऱ्या तोही चालतच करतो. पावसाळ्यात धंदा बसतो, घोडा खातोच. चणे, कोंडा, गवत, नाल बदलायची, डॉक्टर. दरफलक लावलेला असतो. तो वाचायचा सोडून 'शेवटचं किती?' कोण विचारतं? तुम्हीच.

सौ_घाईत

फलकासमोर आठ माणसं उभी असतात, वाचू कशी? पाठ वाचू का त्यांची? आणि दलाल तुमचा नाही तर त्याला उभा कोण राहू देतं?

बाजारपेठेतली

यावर मी खोगीरची बाजू घेणार नाही आणि सौ_घाईत यांचीही पूर्ण घेणार नाही. मार्च २०२५ मध्ये गावाने स्वतःच बंद पुकारला तो याच फसवणुकीविरुद्ध. दुकानं, हॉटेलं सगळी बंद. कारण दस्तुरीवरून परत गेलेलं कुटुंब आमच्या दुकानात येत नाही, आणि घरी जाऊन दहा जणांना सांगतं ते वेगळंच. तेव्हा गाव गप्प बसलंय असं म्हणू नका. पण ठाणेकर, घोडेवाल्यांची पोरं आणि माझी पोरं एकाच वर्गात बसतात. 'लाड' वगैरे भाषा तुमच्या नाक्यावर ठेवा.

निर्भीड_ठाणेकर

खरं बोललं की भाषा टोचते. बंद पुकारून पर्यटकांनाच उपाशी ठेवलंत, फसवणारे मजेत. वा.

आगगाडी_वेडा

शटलचं नाव आलं ते फक्त शिट्टीपुरतं, याचं मला नवल वाटतं. १९०७ पासून नेरळहून गाडी वर येते. २००५ च्या पुराने वाहून नेली, दोन वर्षांनी परत आली. २०१९ च्या पावसाने पुन्हा नेली, ती पूर्ण मार्गाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. पावसाळ्यात खालचा टप्पा बंद, तरी अमन लॉज ते माथेरान शटल चालू असते. म्हणजे दस्तुरी ते बाजार या अंतराला रूळ आहेतच! तिथे फेऱ्या आणि डबे वाढवा, निम्मी गर्दी रस्त्यावरून उठेल. रूळ असताना रस्त्यावर भांडायचं म्हणजे विहिरीशेजारी टँकरची वाट बघणं झालं.

ढ_इंजिनिअर

दोन फुटी गेज, चिमुकले डबे. सुट्टीच्या शनिवारी अमन लॉजची तिकिटाची रांग पाहिली आहे का? डबे वाढवायचे तर फलाटांपासून इंजिनापर्यंत सगळंच आलं. वाढवावेत, जरूर. पण भाजी, किराणा, सिलिंडर, विटा शटलने नेणार?

बाजारपेठेतली

आणि रात्री अडीचला?

आगगाडी_वेडा

रात्री अडीचला रस्ताही अंधारातच असतो.

बाजारपेठेतली

हो ना, तो अंधार आम्हाला तुमच्याआधीपासून ठाऊक आहे. आणखी एक. खालच्या वाड्यांतल्या ठाकर-कातकरी बाया डोक्यावर पाटी घेऊन डोंगर चढून भाजी विकायला येतात. पायवाटेने येतात, डोंगर अर्धा संपला की मग हा तुमचा 'सुंदर' रस्ता. त्यांना कुणी विचारलंय का, माती हवी की ब्लॉक?

लालमाती

त्यांना नाही विचारलं. तुम्हीही विचारलेलं दिसत नाही, आपल्या बाजूने उभं केलंत फक्त.

असो. फार ताणत नाही. ई-रिक्षाचा मार्ग पुतळ्यापर्यंत पक्का हवा हे मला दिसतंय, कारण एकदा हातरिक्षा बंद करायची म्हटलं की पर्याय धडधाकट हवा. घाला ब्लॉक तेवढ्यात. पण मातीचे, कडा धरून, आणि गटार आधी. ब्लॉक घातले म्हणजे देखभाल संपली असं समजणाऱ्या प्रत्येकाला जुलैत त्या चढावर उभं करा. आणि पुतळ्यापुढे एक ब्लॉकही नको. आज 'फक्त पुतळ्यापर्यंत', उद्या 'फक्त पॅनोरमा पॉइंटपर्यंत', हा सिनेमा मी दुसऱ्या हिल स्टेशनांवर पाहिलाय.

बाजारपेठेतली

तुमची परवानगी मिळाली, आता सुप्रीम कोर्टाला कळवते. काळजीत असेल बिचारं.

पुतळ्यापुढे मलाही नकोत. हवेत असं मी कुठे म्हटलं होतं? त्या सोसायटीवाल्याशी भांडायचं ते माझ्याशी भांडलात.

निर्भीड_ठाणेकर

म्हणजे शेवटी पोस्टवाला अर्धा बरोबर निघाला ना?

लालमाती

पोस्टवाला पॉइंटांपर्यंत सिमेंट मागत होता. पाव बरोबर म्हणा हवं तर. तोही चुकून.

खोगीर

तुमचं जमलं, छान झालं. घोडा अजून उतारावर उभा आहे. ब्लॉक घालायचेच तर सगळी रुंदी कशाला खाताय? एका अंगाला चार-पाच फुटांची मातीची पट्टी सोडा. घोडे तिथून, रिक्षा ब्लॉकवरून. आमचा जीव वाचेल, तुमचे ब्लॉकही टापांनी उखडणार नाहीत.

ढ_इंजिनिअर

हे चालण्यासारखं आहे. फक्त पट्टी डोंगराच्या अंगाला नको, तिथे गटार येईल. दरीच्या अंगाला दिली तर कठडा लागेल. रुंदी कमी आहे तिथे काय करायचं ते जागेवर जाऊनच बघावं लागेल, इथे बसून नाही सांगता येणार.

सौ_घाईत

आणि पावती? घोड्याची पावती कोण देणार याबद्दल कुणीच बोललं नाही.

बाजारपेठेतली

खोगीर, पट्टीला माझी ना नाही. पण तिच्यावरची लीद रोज कोण उचलणार ते आधी लिहून द्या. वाळून उडाली की ती माझ्याच चादरीवर येते.

खोगीर

घोडेवाला उचलेल. देतो लिहून. गटारातल्या बाटल्या तुमची हॉटेलं उचलणार का, तेही त्याच कागदावर लिहा.