चूक ज्युनियरची, तारीख कोणाची?

रिकामी खुर्ची

गेल्या महिन्यात आमचं सॉफ्टवेअरचं एक रिलीज तोंडावर आपटलं. शनिवारी रात्री डेटा मायग्रेशन, पहाटे साडेतीनला कळलं की जुन्या ग्राहकांच्या नोंदी दोनदा चढल्यात. रोलबॅक करून सकाळी नऊला सगळं पूर्ववत. पैशाचं नुकसान नाही, झोपेचं झालं. सोमवारी क्लायंटच्या कॉलवर आमचे साहेब म्हणाले, "स्क्रिप्ट आमच्या एका ज्युनियरने लिहिली होती." नावासकट. तो मुलगा कॉलवरच होता, म्यूटवर. दीड वर्षाचा अनुभव. टेस्टिंगचे चार दिवस कापून तारीख अलीकडे कोणी ओढली, हे मात्र कोणी विचारलं नाही.

मला १० ऑगस्ट १९७९ आठवला. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण, आणि श्रीहरिकोट्याहून निघालेलं रॉकेट थोड्याच मिनिटांत बंगालच्या उपसागरात. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम, पण पत्रकारांना सामोरे गेले इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, आणि अपयश त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. पुढच्या वर्षी १८ जुलैला रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला, तेव्हा धवनांनी पत्रकार परिषद कलामांना घ्यायला सांगितली.

माझं मत सरळ आहे. बाहेरच्यांसमोर टीममधल्या पोराचं नाव घेणारा लीड नव्हे, निरोप्या. कोणाला वेगळं वाटतं का?

चहा_कटिंग

मला वाटतं. धवनांची गोष्ट मी आजवर चार ट्रेनिंगमध्ये ऐकली, चारही वेळा समोसे येण्याआधी. मी स्वतः पीएम, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर आहे, ११ वर्षं. तारीख सेल्सने कबूल केलेली. माणसं चार मागितली, अडीच मिळाली (अर्धा माणूस म्हणजे दुपारनंतर दुसऱ्या प्रोजेक्टवर जाणारा). बजेट वरून ठरून आलेलं. माझ्या हातात काय, तर एक एक्सेल. धवनांच्या हातात इस्रो होती. "चूक माझी" हे क्लायंट तीनदा ऐकून घेतो, चौथ्यांदा पीएम बदलून मागतो. घराचा हप्ता धवन भरणार नाहीत.

नाव घ्यायला नको होतं, तेवढं मान्य.

शटरिंगवाला

मी आयटीतला नाही, साइटवरचा. आमच्याकडे स्लॅब ओतायच्या आधी पोअर कार्ड भरतात. सळई बघितली, टेकू बघितले, लेव्हल बघितली. कंत्राटदाराचा इंजिनियर, क्वालिटीवाला, कन्सल्टंटचा माणूस, प्रत्येकाची सही. सही नाही तर ओतणं नाही. ट्रान्झिट मिक्सर गेटवर गरगरत उभा, आतला माल सेट व्हायच्या बेतात, सगळे आईबहिणीवरून बोलतात, तरी थांबायचं. उद्या काही झालं तर कार्ड काढून बघा. साहेबाने मोठ्या मनाने सगळंच अंगावर घेतलं की न बघता सही करणाऱ्याचं फावतं.

आणि मोठ्या मनाचंच उदाहरण घ्यायचं तर १२ जुलै २००९ घ्या. दिल्लीत जमरुदपूरला मेट्रोचं बांधकाम कोसळलं, सहा जण गेले. दिल्ली मेट्रोचे प्रमुख श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला, मुख्यमंत्री शीला दीक्षितांनी तो स्वीकारला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी गर्डर उचलताना क्रेन आडव्या झाल्या. राजीनाम्याने क्रेन तोलत नाही.

खडूस काकू

राजीनामा क्रेन तोलायला नसतोच हो. वरचा माणूस आधीच पुढे आला की खालचा सुपरवायझर चौकशीत तोंड उघडतो, त्यासाठी असतो. नाहीतर सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

आणि सह्यांचं कौतुक मला सांगू नका. २६ वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत. एका फाइलवर सात सह्या, प्रत्येक सहीच्या वर "योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर". गडबड झाली की निलंबित व्हायचा तो कनिष्ठ लिपिक.

शटरिंगवाला

काकू, लिपिकाच्या मुद्द्याला दंडवत. पण आमच्यात सही करणारा आधी वाकून टेकूंच्या खाली जातो, मग पेन काढतो.

खडूस काकू

सगळे जातात?

शटरिंगवाला

बहुतेक. पावसाळ्यात जरा कमी.

लाल माती

श्रीधरन निघालेच आहेत तर त्यांचीच कोकण रेल्वेही घ्या. आमच्या कलमांतून रूळ गेलेत, त्यामुळे हा विषय आमच्या घरी जेवताना निघतो. महाडपासून उडुपीपर्यंत मार्गाचे सात भाग केले होते, रत्नागिरीचे तर उत्तर-दक्षिण असे दोन. प्रत्येक भाग साधारण शंभर किलोमीटरचा, त्यावर एक मुख्य अभियंता. मुळात या कामासाठी १९९० मध्ये वेगळं महामंडळच काढलं, नेहमीच्या रेल्वेच्या साखळीत ते ठेवलं नाही. म्हणजे कामाबरोबर अधिकारही दिला. तरी गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने घाम काढला. माती इतकी मऊ की खणलेलं पुन्हा आत यायचं. पूर्ण मार्ग खुला व्हायला १९९८ चा २६ जानेवारी उजाडला. पण पेडण्याचा पत्ता कोणालाही विचारा, लगेच सांगायचे: अमुक साहेबांचा विभाग.

चहासाहेब, तुमचं रडगाणं खरं आहे. पण तुम्ही अधिकार मागितला का कधी?

चहा_कटिंग

लेखी मागितला होता. "याबद्दल निवांत बोलू" असं उत्तर आलं. २०२२ पासून निवांत व्हायची वाट बघतोय.

निमूट

धागाकर्तीने गोष्ट अर्धीच सांगितली. पत्रकारांसमोर धवन होते, बरोबर. पण आतल्या आढावा बैठकीत कलामांनी उभं राहून सांगितलं होतं की काउंटडाउनच्या शेवटी आम्लाची गळती दिसली होती, ती क्षुल्लक समजण्याचा निर्णय माझा. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली ती गळती, तिथेच घात झाला. बाहेर छत्री धरली म्हणून आतला हिशेब कोणी माफ केला नाही.

तुमच्याकडे आत काय झालं? आणि साहेब सोडा, ती स्क्रिप्ट रिव्ह्यू कोणी केली होती?

रिकामी खुर्ची

मी.

शुक्रवारी संध्याकाळी सातला, २४० ओळी, वरवर बघून. कॅब खाली उभी होती. धागा लिहिताना हे दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. त्या कॉलवर मीही म्यूटवरच होते.

आत अजून काहीच झालेलं नाही. आरसीए, म्हणजे चूक मुळात का झाली याचा अहवाल, उद्या दुपारी जायचाय. "रिव्ह्यू कोणी केला" हा रकाना साहेबांनी मोकळा सोडलाय, तो माझ्या नावाने भरते. तारीख कोणी बदलली याला मात्र रकानाच नाही. साहेबांना विचारून बघते, वाढवता येईल का.

खडूस काकू

अगं बाई, विचारतेस कशाला? रकाना वाढव, भर, आणि पाठवून दे. छापील नमुन्यात नंतर काही खोडायचं तर खोडणाऱ्याला सही करावी लागते.