मदत हवी आहे: जनावरांचे हृदय आणि रक्तवाहिन्या यांसाठी गोठ्यात कळतील असे मराठी शब्द

नमस्कार. पशुसखी आणि दूध संस्थेचे सभासद यांच्यासाठी मी गाई-म्हशींच्या आजारांवर एक मराठी पुस्तिका लिहीत आहे. पोट, कास आणि खूर यांवरील प्रकरणे फारशी न अडखळता झाली, कारण कोठीपोट, कासदाह, लाळ्या खुरकूत हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. हृदयाच्या प्रकरणापाशी मात्र मी महिनाभर अडून बसलो आहे.

सगळ्यात मोठी अडचण ‘शीर’ या शब्दाची आहे. मराठी विश्वकोशात रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणारी, म्हणजे धमनी) आणि नीला (हृदयाकडे रक्त परत आणणारी, म्हणजे शिरा) असे शब्द सापडतात, परंतु रोहिणी म्हटले की शेतकऱ्याला मृगाच्या आधीचे नक्षत्र आठवते. धमनी आणि शिरा ही जोडी वापरावी, तर ‘शिरा’ हे ‘शीर’चेच अनेकवचन असल्यामुळे वाचणाऱ्याला त्यात वेगळा अर्थ जाणवत नाही. आमच्याकडे मानेत सलाइन लावतात ती शीर, कासेपुढे पोटाखालून नागमोडी जाते ती दुधाची शीर, आणि पाय मुरगळल्यावर आखडते तीही शीरच.

हा घोळ शेपटीपाशी नेमका दिसतो. गाईची शेपूट उचलून तिच्या खालच्या बाजूच्या खाचेत, मधोमध, दोन बोटे हलकेच टेकवली की ठोका लागतो आणि निवांत उभ्या असलेल्या मोठ्या गाईचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते ८० भरतात. तपासणीसाठी रक्तही पुष्कळदा त्याच खाचेतून काढतात. ठोका धमनीचा असतो, रक्त शिरेतून घ्यायचे असते, आणि दोन्ही एकमेकींना लागून असतात. अशा ठिकाणी ‘शेपटीखालची शीर’ एवढे लिहून भागत नाही.

शब्दासाठी मी इतका अडून का बसलो आहे, तेही सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्याच गोठ्यातील एका गाईने वैरण खाणे सोडले. मी फोनवरून ‘मानेची शीर सुजली आहे’ असे सांगितले, त्यावरून मान लचकली असावी असा समज झाला आणि शेक देण्याचा सल्ला मिळाला. प्रत्यक्षात गळ्याच्या घळीतली मोठी शीर दोरखंडासारखी टरारून फुगलेली होती. गाय पुढचे कोपर अंगापासून फाकवून उभी राहत होती आणि उतारावर कण्हत होती. दोन दिवसांत पोळीत, म्हणजे गळ्याखालच्या लोंबत्या कातडीत, पाणी उतरले. चाऱ्याबरोबर गिळलेली तार जाळीपोटातून श्वासपटल भेदून हृदयाच्या आवरणात शिरली होती. गाय वाचली नाही. आणखी लवकर कळले असते तरी ती वाचलीच असती असे मी म्हणत नाही, परंतु ‘सुजली’ आणि ‘रक्ताने तुंबून फुगली’ यांतला फरक मला तेव्हा सांगता आला नाही, हे मनातून जात नाही.

म्हणून या आजाराचे वर्णन मला अगदी स्वच्छ हवे आहे. हृदयाभोवतीच्या आवरणाला परिहृद म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण ते वाचून कोणाला काही उमगेल असे वाटत नाही. ‘हृदयाची पिशवी’ मला पटते, कारण तिच्यात पू आणि पाणी साठून घागरीत पाणी हिंदकळल्यासारखा आवाज येतो, हे त्या शब्दामुळे डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र गाभण जनावराच्या बाबतीत ‘पिशवी’ गर्भाशयासाठी रुळलेली आहे, त्यामुळे गोंधळ होईल का? तसेच मानेची शीर फुगून राहणे आणि ती उडणे या दोन वेगळ्या खुणा आहेत. शेजारच्या धमनीच्या ठोक्यामुळे शीर हलल्यासारखी दिसते, तेव्हा त्याला निराळे काही म्हणतात का?

आणखी एक शब्द मला खटकतो. जनावर अचानक मेले की ‘हार्ट अटॅक’ म्हणून विषय संपवला जातो, पण हृदयाच्या धमनीत गुठळी अडकून गाय-म्हैस मरणे अतिशय विरळ आहे. तो शब्द वापरला की गिळलेली तार, पोटफुगी, सर्पदंश यांचा विचारच मागे पडतो. फाशी या आजाराचाही (अँथ्रॅक्स) पडतो, आणि फाशीची शंका असलेले जनावर तर मुळीच फाडायचे नसते. लाळ्या खुरकुतीत लहान वासरे तोंडात फोड येण्याआधीच दगावतात, तेव्हा हृदयाच्या स्नायूवर वाघाच्या अंगासारखे फिकट पट्टे आढळतात. याला ‘पट्टेरी हृदय’ म्हणावे असे मनात आहे, यापेक्षा चांगला शब्द रूढ असल्यास कृपया कळवावा.

धमनीसाठी ‘ठोक्याची शीर’ आणि शिरेसाठी ‘सलाइनची शीर’ असे मी कच्च्या मसुद्यात लिहून ठेवले आहे. परिचयातील एका पशुवैद्यांचे मत आहे की धमनी हा शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्या पानावर समजावून द्यावा. खानदेश, मराठवाडा, कोकण येथील पशुपालकांनी आणि पशुवैद्यांनी आपल्याकडे या दोहोंना काय म्हणतात, आणि ‘नस’ हा शब्द नेमका कशासाठी वापरतात, ते सांगावे. पुस्तिकेसाठी शेपटीचे चित्र काढून तयार आहे. त्यातील दोन बाणांपुढे काय लिहावे एवढे ठरले तरी प्रकरण पुढे सरकेल.